बाँबची खीर

देशाने अणुचाचणी केली ती नेमकी बुद्धपौर्णिमेच्या दिवशी. रेडिओवर बातमी ऐकून आमची आत्या भरल्या ताटावरून उठली, आणि तेव्हापासून बाँब आणि लढाया यांच्या हात धुऊन मागे लागली. वाशिमच्या बाजारात, शाळेच्या फाटकाशी, पोहरादेवीच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानाशेजारी, जळालेल्या शहराची चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून ही आपली उभी. लोक हसायचे. हिला त्याचं काहीच नाही.

गावात मात्र तिचा हक्काचा दिवस एकच. बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना झाली की अंगणात खीर शिजते. डाव आत्याच्या हातात, आणि खीर आटेपर्यंत तिचं भाषण. उठून जाणार कोण? खीर तर तीच वाढणार! आम्ही पोरं त्याला 'बाँबची खीर' म्हणायचो.

अलीकडच्या एका पौर्णिमेला सीमेवर लढाई पेटलेली. आमच्या आळीतला एक मुलगा फौजेत, तिकडेच; त्याचा फोन येणं बंद झालेलं. त्याची आई वंदनेचं पांढरं लुगडं नेसून पुढेच बसली होती. वंदना संपली तशी तरुण मंडळी आत्याभोवती जमली.

"आत्या, यंदा बोलाचं नाही. आपला पोरगा तिकडं लढून राह्यला, अन् तुमी कायले असं बोलता?"

आता ही भडकणार, असं मला वाटलं. तिच्या जिभेला धार भारी. पण तिने डाव बाजूला ठेवला आणि सरळ त्या आईपुढे जाऊन बसली.

"तू सांग वं माय. तू नाही म्हनली त मी आज बोलत नाही. अन् पुढंबी कधी बोलत नाही."

उभा जन्म हिने त्या बाईच्या एका शब्दावर ठेवला होता! एवढी छाती मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही.

ती बाई म्हणाली, "बोला आत्या. मले माहा पोरगा जिता पायजे. त्याच्यासमोर जो उभा आहे, त्याचीबी माय अशीच बसली असन."

कुणीतरी कढई खाली उतरवली. आत्या उठली, तोंड उघडलं, आणि कधीही न अडखळणारी ती पहिल्याच शब्दाला रडू लागली. मग त्या आईनेच उठून तिचा हात धरला, आणि भाषण संपेपर्यंत सोडला नाही.