विमानाचे दोन मालक

गंगाराम गमरे जन्मात कधी विमानात बसले नाहीत, पण विमानांचे कागद त्यांच्याइतके बारकाईने वाचणारा माणूस त्यांच्या कंपनीत दुसरा नव्हता. कापसावर विमानातून औषध फवारणारी ही छोटी कंपनी. तिचं ऑफिस वाशीला दोन खोल्यांत होतं. मालक नंदकिशोर वैद्य, आणि रेकॉर्डचं सगळं गमऱ्यांकडे.

गमरे मूळचे चिपळूणकडचे. शाळेत घालताना मास्तरांनी दाखल्यावर त्यांचं नाव ‘गंग्या’ लिहिलं होतं. मॅट्रिक झाल्यावर ते बदलून घ्यायला त्यांना अकरा वर्षं लागली. त्यामुळे असेल, कुठल्याही कागदावरचं नाव ते आधी पूर्ण वाचत, मग बाकीचं.

एक्क्याऐंशीच्या जून महिन्यात वैद्यांनी त्यांना बोलावून घेतलं.

“गमरे, अकोल्याच्या रावसाहेब ठोंबऱ्यांचं विमान घेतोय. जुनं आहे, पण इंजिन चांगलं आहे. फवारणीच्या हंगामाआधी हातात पाहिजे. कागद बघून घ्या, म्हणजे मी मोकळा.”

गमऱ्यांनी दिल्लीहून विमान-नोंदणीच्या रजिस्टरचा उतारा मागवला. तो आला तेव्हा त्यावर मालक म्हणून दोन नावं होती, रावसाहेब ठोंबरे आणि सुभाष रणदिवे. ठोंबऱ्यांनी पाठवलेल्या विक्रीपत्रावरही दोघांच्या सह्या होत्या, तारीख त्याच वर्षीच्या बारा फेब्रुवारीची. वरवर सगळं जुळत होतं.

मग त्यांनी विमानाचं लॉगबुक उघडलं. प्रत्येक उड्डाणाची नोंद रणदिव्यांच्या अक्षरात. एकोणऐंशीच्या ऑक्टोबरपर्यंत पानं भरलेली आणि त्यानंतर एकदम कोरी. विमान दीड वर्ष जागेवर उभं होतं.

त्यांनी अकोल्याला ट्रंककॉल लावला.

“रणदिवे साहेबांशी बोलायला मिळेल का?”

“ते परदेशात असतात,” ठोंबरे म्हणाले. “सही करून गेलेत ना? मग आता आणखी काय पाहिजे?”

रणदिव्यांचा पत्ता रजिस्टरात वाशीचाच होता, गमऱ्यांच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. रविवारी ते निघाले. घरी बाईमाणूस एकटंच असलं तर बरं दिसणार नाही, म्हणून बायकोलाही सोबत घेतलं. पुतळाबाईंनी विचारलं, “तुमच्या ऑफिसच्या कामात आमी काय करायचं?”

“तू नुसती बस,” गमरे म्हणाले.

सिडकोच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तिशीतल्या एका बाईंनी दार उघडलं. सुचित्रा रणदिवे. कंपनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी दोघांना आत घेतलं आणि पाणी दिलं. गमऱ्यांनी नेहमीच्या सवयीने पिशवीतून विक्रीपत्र काढून टेबलावर ठेवलं.

“साहेबांची सही एवढी पडताळून घ्यायची होती.”

सुचित्राबाईंनी कागद उचलला. सहीवर नजर गेली आणि त्या उभ्या राहिल्या.

“ही कधीची सही?”

“फेब्रुवारीची.”

“ह्या फेब्रुवारीची?”

“होय.”

त्यांचा चेहरा क्षणभर असा उजळला, की पुतळाबाईंना वाटलं, काहीतरी आनंदाची बातमी आहे. त्या कागद घेऊन खिडकीपाशी गेल्या, उजेडात धरून पाहत राहिल्या. मग हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

“ही त्यांची नाही,” त्या म्हणाल्या. “ते ‘सु’ला एवढा मोठा फाटा काढत नव्हते.”

त्यांनी कागद परत टेबलावर ठेवला. मग त्यांनीच सांगितलं. सुभाष एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात गेले. यवतमाळकडे फवारणी करताना विमान विजेच्या तारेला लागून पेटलं; चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. ते विमान भाड्याचं होतं, त्यांचं स्वतःचं नव्हे, हे सुचित्राबाईंना तोवर माहीतच नव्हतं. दहाव्याला आलेल्या रावसाहेबांनी सांगितलं होतं, ‘वहिनी, आपलं विमानही गेलं, आता मागे काहीच राहिलं नाही.’ त्यांनी ते खरं मानलं आणि एका शाळेत टायपिस्टची नोकरी धरली.

“म्हणजे त्यांचं विमान आहे अजून?”

“आहे. अकोल्याला उभं आहे. निम्मं तुमचं.”

तेव्हा त्या रडल्या. पुतळाबाई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. “रडा, बाय,” एवढंच म्हणाल्या.

घरी येताना गमरे वाटेत थांबले. “कागद पुढे करण्याआधी विचारायला पाहिजे होतं मी, साहेब कुठे आहेत म्हणून. तिला वाटलं, तो जिवंत आहे. माझ्यामुळे वाटलं.”

“तुमाला काय ठाव?” पुतळाबाई म्हणाल्या.

“कोऱ्या पानांवरून कळायला हवं होतं.” हे ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले.

सोमवारी त्यांनी वैद्यांना सगळं सांगितलं. वैद्यांनी विचारलं,

“ती बाई कोर्टात जाणार आहे का?”

“माहीत नाही.”

“मग आपण कशाला खोलात जायचं? सही खरी की खोटी, ते ठोंबऱ्यांनी बघावं. तुम्ही फक्त लिहून द्या, दोन्ही मालकांची संमती आहे.”

“एक मालक वारलाय, साहेब. मेलेल्या माणसाची संमती मी कशी लिहू?”

“हंगाम जाईल हातचा, गमरे.”

“जाईल,” गमरे म्हणाले आणि फाईल त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर आले.

वैद्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी व्यवहार सोडला. पण त्या वर्षी दुसरं विमान मिळालं नाही, दोन तालुक्यांचं काम गेलं, आणि पुढच्या महिन्यात गमऱ्यांची बदली नावड्याच्या गोदामात झाली. तिथे औषधाच्या पिंपांची आवक-जावक लिहायची. उग्र वासाने त्यांचा घसा कायमचा बसला. पुतळाबाई चिडत. “खरं बोलून हे मिळालं?”

सुचित्राबाईंचा दिल्लीला धाडायचा अर्ज त्यांनीच लिहून दिला. वारसदाखल्यासाठी त्यांच्यासोबत ते कोर्टात सहा वेळा गेले. विमानाची विक्री अडकून पडली. ठोंबऱ्यांनी आधी सही खरीच असल्याचं सांगितलं, मग कारकुनावर ढकललं, आणि शेवटी चार वर्षांनी तडजोड केली. रजिस्टरात सुभाषच्या जागी सुचित्रा सुभाष रणदिवे हे नाव लागलं. त्या दिवशी गमरे तो उतारा दोनदा वाचून म्हणाले, “स्पेलिंग बरोबर आहे.”

पंच्याऐंशीत विमानाला नवं गिऱ्हाईक मिळालं. सह्या अकोल्याला व्हायच्या होत्या. सुचित्राबाईंनी गमरे पतिपत्नीला सोबत नेलं.

शेडमध्ये विमान धुळीने माखून उभं होतं. एका चाकात हवा नव्हती. सुचित्राबाईंनी ते कधीच पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या, मग वर चढून आत डोकावल्या.

“काका, ह्यात एकच खुर्ची आहे.”

“फवारणीच्या विमानात एकच असते.”

“मला म्हणायचे, एकदा तुला बसवून नेतो.” त्या थोडं हसल्या. “जागाच नव्हती, तरी म्हणायचे.”

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. विमान घेणारा बाहेर घड्याळ बघत होता. गमरे दाराशी उभे राहून त्याला म्हणाले, “दहा मिनिटं थांबा.”

तो थांबला. मग सुचित्राबाई उतरून आल्या, हात पुसले आणि दाखवलं तिथे सही केली.