सूनबाई आणि मी, एकाच वर्गात

इंग्रजी वाङ्मयात एम.ए. करायचं माझ्या कधी डोक्यातही नव्हतं. सुनेला सोबत हवी होती म्हणून केलं. लग्नामुळं तिचं शिक्षण बी.ए.वर थांबलेलं, मुलगा फौजेत, आणि दर रविवारी लोणंदहून साताऱ्याच्या अभ्यासकेंद्रावर तिला एकटीला धाडायला माझी बायको तयार होईना. मी निवृत्त सुभेदार, नोकरीत असतानाच बाहेरून बी.ए. केलेला, आणि आता दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सल्ले देणारा. म्हटलं, मीच नाव घालतो. गल्लीत आठवडाभर हसू झालं.

दोन वर्षं आम्ही एसटीनं जा-ये केली. ती पुढं बायकांच्या बाकावर, मी मागं. वर्गात ती पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. पुस्तकांचा संच एकच, आणि तो वाचायचा पहिला मान अर्थातच माझा. तरी गुण तिलाच जास्त. तिच्या टिपणांवर मी पास होत गेलो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटी उरला सेमिनार. प्रत्येकानं वर्गासमोर वीस मिनिटं इंग्रजीत बोलायचं, मग वर्गातल्या कुणीतरी प्रश्न विचारायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. तेवढं झालं की पदवी. सुनेचा विषय फक्कड होता, इंग्रजी कादंबऱ्यांतल्या स्वयंपाकिणी आणि मोलकरणी. भाकरी थापताना ती पुटपुटत सराव करायची. त्या रविवारी फळ्यासमोर उभी राहिली, एकदा माझ्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि गप्प. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘मोठ्यानं बोला.’ कशीबशी दोन वाक्यं झाली, तीही पहिल्या रांगेपलीकडं गेली नाहीत. बाईंनी पुढच्या रविवारी आणखी एक संधी दिली. तेव्हाही जमलं नाही तर तिचं वर्ष जाणार होतं.

मला राग आला. घरी येऊन बायकोपुढं सगळा काढला. ‘दोन वर्सं घोकलं आन् ऐनवक्ताला दातखीळ बसली. फौजेत असलं चालत न्हाई.’

ती लसूण सोलत होती. ‘आवं, तुमी म्होरं बसल्यावर ती कशी बोलंल? लगीन होऊन चार वर्सं झाली. तुमच्याम्होरं कवा खुर्चीत बसली का ती? मला आत्या, तुमाला मामा म्हनती, पर तुमाला कवा मोठ्यानं हाक तरी मारली का?’

मी आठवून बघितलं. सुनेचा मोकळा आवाज कसा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सोबत म्हणून गेलेला मीच तिच्या वाटेत आडवा बसलो होतो. लाज वाटली मला.

पुढच्या रविवारी मी बाईंना कारण सांगितलं आणि सुनेच्या वेळेपुरता व्हरांड्यात जाऊन खिडकीशेजारी पाठमोरा उभा राहिलो. मग आवाज आला, चांगला खणखणीत. धन्याच्या जेवणाचं वर्णन पानभर, आणि रांधणारीला नावसुद्धा नाही, असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली आणि वर्ग हसला. प्रश्न आला, त्याचंही तिनं चोख उत्तर दिलं. मला शिट्टी मारावीशी वाटली, पण जुना हुद्दा आड आला. बाईंनी दारातून मला आत बोलावलं तेव्हा तिच्या कागदावर पास झाल्याची सही झालेली होती.

मग माझी पाळी. विषय युद्धकविता, फौजी माणूस दुसरं काय घेणार? हे कवी युद्धाबद्दल खरं बोलले, असं मी ठासून सांगितलं. प्रश्न कोण विचारणार म्हणून बाईंनी वर्गाकडं बघितलं, तर पहिल्या रांगेतून सून उभी राहिली. थेट माझ्याकडं बघून तिनं इंग्रजीत विचारलं, ‘सर, तुम्ही सीमेवरून घरी पत्रं लिहायचात. त्यांत खरं लिहिलं होतं का?’

ती पत्रं बायकोनं ट्रंकेत जपून ठेवली आहेत. सगळ्यांत एकच मजकूर, मी खुशाल आहे, काळजी नसावी.

‘नो मॅडम,’ मी म्हणालो. टाचा आपोआप जुळल्या. वर्ग हसला, सून हसली नाही. बाईंनी माझ्याही कागदावर सही केली.

परतताना एसटीत बायकांचा बाक रिकामा होता, तरी ती माझ्याशेजारी येऊन बसली. मग म्हणाली, ‘मामा, हे बी फोनवर रोज सगळं ठीक हाय म्हणत्यात. तिथं खरं कसं असतंय?’

सासरा म्हणून चार शब्दांत धीर देता आला असता. पण नुकताच वर्गासमोर खरं बोललो होतो, लगेच खोटं बोलवेना. थंडीचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, शेजारच्या खाटेवरचा जोडीदार परत आला नाही त्या दिवशीचंही सांगितलं. त्या दिवशीच्या पत्रातही मी खुशालच लिहिलं होतं.

लोणंदला उतरताना ती म्हणाली, ‘आता हे आत्यांनाबी सांगा.’ अख्ख्या एसटीला ऐकू गेलं.