क्लच दाबता यायला हवा

सुपारीची रोपं बघायला आम्ही दोघं नवरा-बायको श्रीवर्धनला एका ओळखीच्या चाचांच्या वाडीत गेलो होतो. हे रोपं निवडत होते, तेवढ्यात मला पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी दिसली. जुनी अमेरिकन, हिरवी, लांबरुंद. टपाला मोठा पोचा होता.

"वादळात माड पडला तिच्यावर," चाचा म्हणाले. "चालू हाय पण. मला आता डोळ्यांनी नीट दिसत न्हाय, मुलगे परदेशात. विकायचीय."

"मला घ्यायचीय," मी तिथल्या तिथे म्हणाले.

ह्यांना वाटलं, थट्टाच करतेय. आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, गुडघ्यांवर तेल चोळत बसणारी बाई मी. मला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

पण लहानपणी आमच्या गावाहून बाजाराला जायला अशाच गाड्या असत. मुंबईत म्हाताऱ्या झाल्या की त्या आमच्याकडे टॅक्सी म्हणून येत. पुढच्या सलग सीटवर सगळे पुरुष. इतके, की ड्रायव्हरचं अर्धं अंग दाराबाहेर. बायका मागे, मांडीवर पोरं आणि पायांत टोपल्या. नर्सिंग शिकायला मी त्या मागच्या सीटवरून गेले, नोकरीवर हजर व्हायलाही. रस्ता असा दिसलाच नाही कधी, दिसायच्या त्या पुरुषांच्या माना. एकदा "मी पुढे बसू?" असं विचारलं, तर सगळी गाडी हसली होती. बायकासुद्धा.

घरी आल्यावर हे म्हणाले, "अगं, गाडीच हवी तर छोटी घे. ऑटोमॅटिक. तुला झेपेल अशी."

"छोटी तुम्ही घ्या," मी म्हणाले.

त्यावर ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

पुन्हा गेलो तेव्हा चाचांनी मला स्टिअरिंगमागे बसवलं. पाठीला उशी घेतली तरी क्लच अर्ध्यावरच अडला. सगळा जोर लावला, तेव्हा गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चाचा दारात वाकून बघत होते.

"बाय, रागावू नको. नुसती दारात ठेवायला घेशील, तर मी देणार न्हाय. ही चालवायची वस्तू हाय."

"पावसाळा संपेपर्यंत थांबाल?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला आणि होकाराची मान हलवली.

आयुष्यभर मी पेशंटना गुडघ्यांचे व्यायाम सांगितले होते, स्वतः एकही केला नव्हता. आता घोट्याला वाळूची पिशवी बांधून रोज पाय उचलू लागले. पहिले काही दिवस जिना उतरतानाही रडू यायचं. सोबत ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीवर शिकत होते. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा लायसन्स मिळालं. मधे एका सकाळी पिशवी उचलली तर जड लागली. ह्यांनी न बोलता तिच्यात आणखी वाळू भरून ठेवली होती.

पाऊस सरल्यावर श्रीवर्धनला गेलो. या वेळी क्लच तळापर्यंत गेला. बाजूला चाचा, मागे हे. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, तो सापडेपर्यंत घाम फुटला. बंदराच्या रस्त्यावरच्या चढावर गाडी बंद पडली. मागून टेम्पोवाला हॉर्न मारत सुटला. चाचा बोलायला लागले, तशी मी म्हणाले, "चाचा, जरा गप्प बसा." गाडी चालू केली आणि चढ चढवला.

परत आल्यावर चाचा खूश होते. "मग? नेणार?"

"आज नाही. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. ते नीट झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही. चाचींनी आतून चहा आणला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बरोबर बोलते ती. मी कवापासून सांगतेय तुम्हाला."

ब्रेकचं काम झालं, कागदपत्रं झाली, आणि दिवाळीनंतर मी गाडी चालवत दिवेआगरला आणली. वाटेत एकदाच थांबले, इंजिन गार करायला. घरी पोचलो तर ती फाटकातून आत जाईना. चिऱ्याच्या दोन खांबांमध्ये ती मावतच नव्हती. मी उतरून बघत उभी राहिले.

हे खाली उतरले, एका खांबाला हात लावून तो हलवून बघितला आणि म्हणाले, "हा काढू. उद्या सकाळीच काढू."