न धुतलेली साडी

उन्हाळा लागला की येवल्याकडच्या आमच्या माळावरची हरणं पाण्यासाठी विहिरीपर्यंत येतात. विहिरीजवळ गुरांना पाणी प्यायला हाळ बांधलेली आहे. ती मी रोज सकाळी भरायची आणि बांधावर बसून राहायची. पहिल्या वर्षी हरणी लांबूनच बघायच्या. पुढं पुढं माझ्या हाकेच्या अंतरावर येऊन पाणी प्यायला लागल्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आले की मात्र उधळायच्या.

"तुझ्या मशेरीचा वास आवडतो त्यांना," मालक चिडवायचे. त्यात खोटं काही नव्हतं. वारा माझ्याकडून आला की त्या नाक वर करायच्या आणि मग निवांत माना खाली घालायच्या. मी भलतीच हरखून गेले होते. धाकटा भाऊ भेटायला आला तेव्हा त्यालाही सगळं रंगवून सांगितलं.

निघताना तो म्हणाला, "ताई, आई गोधडी शिवतीय. तुझी रोजची साडी मागितलीय तिनं. पन धुवू नको म्हनली. तुझ्या अंगाचा वास पायजे तिला."

माझे डोळे भरूनच आले. इतक्या वर्षांनी आईला लेकीचा वास हवासा वाटतोय! निळ्या दोऱ्यानं रफू केलेली, अंगावर मऊ झालेली साडी मी घडी घालून त्याला दिली.

काही दिवसांनी हाळीवर एकही हरीण फिरकेना. मी ओढ्याकडं शोधत गेले. तिथं बाभळीला माझी साडी टांगलेली होती, निळा रफू अगदी समोर. खाली तारेचे फासे, तुडवलेली माती, रक्त आणि केसांचे पुंजके. मी तिथं बसलेय असं समजून आल्या होत्या बिचाऱ्या.

मी फोन लावला. भाऊ म्हणाला, "एकच तर धरली. जनावरच ना ते? एवढ्यासाठी भावाला बोलतीस?"

"आणि आईची गोधडी?"

तो हसला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. हरणीला फसवलं ते फसवलंच, पण आईच्या मायेचं नाव घेऊन मलाही फसवलं. त्या हसण्याचा राग अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मालकांनी वनखात्याला कळवलं. त्यांची माणसं फासे घेऊन गेली, भावानं कानावर हात ठेवले.

हाळ आता मालक भरतात आणि लगेच माघारी येतात. मी घराबाहेर पडत नाही, कारण वारा माझ्याकडून सुटला की हरणी तहानलेल्याच पळतात.

भाऊबीजेला तो आईला घेऊन आला. काहीच घडलं नसल्यासारखा पाटावर बसला. आईसमोर तमाशा नको म्हणून मी ओवाळलं. त्यानं ताटात नवी, भारीतली साडी ठेवली. मी ती उचलून नाकाला लावली आणि त्याच्या मांडीवर टाकली.

"ही घेऊन जा. हिला माझा वास नाय. तुझ्या काय कामाची?"

"कसला वास गं?" आईनं विचारलं.

"त्यालाच विचार," मी म्हटलं. "तुझ्या गोधडीसाठी नेला होता."