पाठीवरची मॅच

त्या ऑगस्टमध्ये आमच्या मेरिडेल गावात बोलायला दोनच विषय होते. एक म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या, चेंडू हातात घेऊन पळायच्या आमच्या खेळाच्या, सीझनची पहिलीच मॅच कोलियरशी होती. आणि दुसरा, आर्डिथ साइझमोर बोलत नव्हती.

एरवी पहिली मॅच कुठल्यातरी लिंबूटिंबू कॉलेजशी ठेवतात. पोरांचे हातपाय मोकळे होतात, बँडवाल्यांचा सूर जमतो, प्रेक्षकांच्या घशाला सवय होते. यंदा मात्र पहिल्याच शनिवारी टेनेसीचं कोलियर कॉलेज आमच्या मैदानावर येणार होतं, आणि गेल्या सीझनमध्ये ते फक्त एकच मॅच हरलं होतं. आमचं मेरिडेल स्टेटही यंदा कधी नव्हे इतकं तगडं होतं. गावात त्यामुळे दुसरं काही सुचेना. चर्चच्या पायऱ्यांवर तेच, किराणा दुकानात तेच. दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं, "मिस क्लीओ, कोलियरचा तो चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आपल्याला झेपेल का?" मी काय सांगणार? नुसतं 'आ' केलं.

आणि ज्या खुर्चीत बसून या सगळ्यावर खरी चर्चा व्हायची, ती आर्डिथच्या सलूनची खुर्ची मुकी झालेली.

आर्डिथचं सलून तिच्या घराला लागूनच, पूर्वीच्या गॅरेजमध्ये. तीस वर्षं मी तिच्याकडून केस कापून घेतेय. कात्री एक वेळ थांबायची, पण तिची जीभ नाही. शेवटी तिच्या स्वरयंत्रावर गाठ आली. मेकन शहरातल्या डॉक्टरने ती काढली आणि बजावलं, सप्टेंबर अर्धा सरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही. चुकून ओरडलात तर आवाज कायमचा जाईल. तेव्हापासून तिच्या गळ्यात दोरीने बांधलेली एक पाटी असायची, नातवाच्या खेळण्यांतली. गिऱ्हाइकांपुरतं त्यावर भागत होतं. अडचण घरात होती. कारण तिचा नवरा हॉइट आंधळा आहे.

हॉइट गाड्या दुरुस्त करायचा. अडतिसाव्या वर्षी एक बॅटरी त्याच्या तोंडासमोर फुटली आणि ॲसिडने दोन्ही डोळे नेले. त्याआधी तो मॅचचं इतकं वेड असलेला माणूस होता, की स्वतःच्या लग्नाची तारीख त्याने वेळापत्रक बघून धरली होती. स्टेडियममधल्या त्याच्या दोन खुर्च्या त्याच्या वडिलांपासून चालत आलेल्या. माझी खुर्ची बरोबर त्यांच्या मागे. अपघातानंतर दोन सीझन त्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. हॉइट पोर्चमध्ये बसून रेडिओ लावायचा आणि पहिल्या पाच मिनिटांत बंद करायचा. जेवायचा कमी, बोलायचा त्याहून कमी.

आर्डिथला तोवर या खेळातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. तिच्या माहेरी शनिवारी मासे पकडायला जायचे. पण तिसऱ्या वर्षी एका शनिवारी तिने हॉइटला आमच्या टीमच्या रंगाचा, धुतलेला जांभळा शर्ट घातला, ट्रकमध्ये बसवलं आणि कुठे चाललोय ते न सांगता सरळ स्टेडियमवर आणलं. बँडचा आवाज ऐकल्यावर तो म्हणाला, "मला घरी ने." ती म्हणाली, "पार्किंग मिळालंय. आता कोण हलवतंय गाडी?"

मॅच सुरू झाली. पहिल्या डावाला, म्हणजे पोरं पहिल्यांदा एकमेकांवर धडकली तेव्हा, सगळं स्टेडियम गरजलं. हॉइटला राहवेना. त्याने विचारलं, "काय झालं?"

"बरेच जण पडलेत," आर्डिथ म्हणाली. "एकावर एक. आता उठताहेत."

"चेंडू कुणाकडे आहे?"

"थांब, शोधते. अरे, त्या सात नंबरवाल्याचा मोजा पार खाली आलाय. आई नाही का याला? हां, चेंडू त्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवाल्याकडे आहे."

"तो पंच आहे, आर्डिथ."

"असू दे. पण चेंडू त्याच्याकडेच आहे."

आमची सगळी रांग हसली आणि मग हॉइट हसला. अपघातानंतर त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आर्डिथने तेव्हा मान दुसरीकडे वळवली आणि डोळे पुसले. त्याला ते दिसणार नव्हतंच, पण तरी वळवली.

त्यानंतर घरच्या मैदानावरची एकही मॅच त्यांनी चुकवली नाही. आर्डिथ खेळ शिकली, चांगला शिकली, पण तिची सांगण्याची तऱ्हा तीच राहिली. कोण कसा पळाला, कुणी कुणाकडे रागाने पाहिलं, प्रशिक्षकाने टोपी कितीदा आपटली, पलीकडच्या रांगेतल्या बाईने आज काय घातलंय. एकदा मुलीने हॉइटला कानात घालायचा छोटा रेडिओ आणून दिला. त्याने अर्धा तास ऐकला आणि खिशात टाकला. म्हणाला, "हा माणूस काय झालं ते सांगतो. कसं झालं, ते याला माहीत नाही."

तर यंदा, इतक्या वर्षांनी दोन्ही टीम तोलामोलाच्या, आणि सांगणारी मुकी.

घरात त्यांनी टेबलावर ठोकायची पद्धत काढली होती. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पण आर्डिथचं कुठलं म्हणणं हो-नाहीत मावतंय? मग तिने पाटीवर लिहायचं आणि जो कोणी घरात असेल त्याने हॉइटला वाचून दाखवायचं. एका दुपारी मी केस सेट करायला गेले तेव्हा हॉइट कोपऱ्यात उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता.

"क्लीओ," तो म्हणाला, "आमच्या दोन खुर्च्या या वेळी तुझ्या भाच्याला दे. आम्ही घरी बसू."

माझ्या डोक्यावरचा कंगवा थांबला. आरशात बघते तर आर्डिथ पाटीवर खडू ओढत होती.

"काय म्हणतेय?" हॉइटने विचारलं.

मी वाचलं. "म्हणतेय, खुर्च्या दिल्यास तर शेंगांचं टरफल खाऊन राहावं लागेल."

"तुला कळत कसं नाही?" हॉइट म्हणाला. "तू तिथे गेलीस की ओरडणार. मी तुला ओळखतो. हाफ टाइमच्या आत आवाज जाईल, आणि मग मी उरलेलं आयुष्य त्या रेडिओवाल्याबरोबर काढू का?"

आर्डिथने पाटी पुसली, काही लिहायला गेली आणि न लिहिताच खाली सोडली. हॉइटने पुढची शेंग सोलायला घेतली.

उपाय सापडला तो दुसऱ्याच आठवड्यात, आणि शोधून नव्हे. आर्डिथ हॉइटचे केस कापत होती. मी ड्रायरखाली बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीवर गेल्या वर्षीची कोलियरची एक मॅच पुन्हा दाखवत होते, कारण आता रोज तेच दाखवायचे. कोलियरचा एक पोरगा चेंडू घेऊन कडेकडेने सुसाट सुटला. आर्डिथची नजर टीव्हीवर, आणि हातातल्या कंगव्याचं टोक हॉइटच्या पाठीवर. तिला कळलंही नाही, पण तो पोरगा जसा पळाला तसा कंगवा पळाला. कमरेपासून वर, उजव्या खांद्याच्या कडेने, आणि मानेपाशी गपकन थांबला.

हॉइट सावध होऊन बसला. "उजवीकडून पळाला कोणीतरी," तो म्हणाला. "आणि गोलच्या तोंडाशी धरला. बरोबर?"

आर्डिथने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायर बाजूला सारला आणि म्हटलं, "बरोबर."

"पुन्हा कर," हॉइट म्हणाला.

त्या दिवशी माझे केस तसेच ओले राहिले. दोघांनी अख्खी मॅच पाहिली, म्हणजे एकीने पाहिली आणि एकाने पाठीवर घेतली. कमरेकडून मानेकडे म्हणजे आपली चाल पुढे. बोट सरपटलं तर पोरगा धावतोय, बोटाने उडी मारली तर चेंडू हवेतून फेकलाय. तळहात सपाट टेकला की खाली पाडला. मूठ म्हणजे किक. चापट म्हणजे टचडाउन, चेंडू थेट शेवटच्या रेषेपार. चिमटा म्हणजे पंचाने पिवळा रुमाल टाकला, दंड झाला. चिमटा ती जरा जास्तच मनापासून काढायची, असं हॉइटचं म्हणणं.

मग सराव म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं हायस्कूलच्या मॅचला गेलो. तिथे हॉइट मोठ्याने सांगत होता आणि आर्डिथ त्याच्या मागच्या बाकावर बसून बोट फिरवत होती. दोन डाव झकास गेले. तिसऱ्याला तिने त्याच्या पाठीवर फाडकन चापट मारली. हॉइट उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "टचडाउन." सगळ्या बाकांनी वळून पाहिलं. मैदानावर कुणीच खेळत नव्हतं. पोरं पाणी पीत होती.

"बस खाली," मी म्हटलं. "डास होता."

आर्डिथ आवाज न करता इतकी हसली की बाकावरून घसरायची राहिली. हॉइट म्हणाला, "डासासाठी वेगळी खूण ठेवा. मी या गावात राहतो."

पहिल्या शनिवारी सकाळपासूनच गाव जांभळं झालं होतं. स्टेडियमच्या बाहेरच्या गवतावर सगळ्यांच्या गाड्या लागल्या, टेबलं मांडली गेली, तळलेलं चिकन, भरली अंडी, बर्फ घातलेला गोड चहा. कोलियरचे लोक पिवळ्या-काळ्या कपड्यांत आले होते आणि आमच्याच गवतावर पसरले होते. त्यांच्यातल्या एका धिप्पाड माणसाने हॉइटला विचारलं, "काका, आज किती फरकाने हरणार?"

"मला काही दिसत नाही बाबा," हॉइट म्हणाला. "तूच आकडा बघून ये आणि रडत रडत सांग मला."

तो माणूस ओशाळला, मग हसला आणि आर्डिथच्या टेबलावरचं चिकन खायला बसला. तिने त्याला दोन तुकडे जास्तच वाढले आणि पाटीवर लिहून दाखवलं, "खाऊन घे. संध्याकाळी भूक मेलेली असेल."

आत जाताना मला धाकधूक होती. डॉक्टरचं सांगणं आठवत होतं. या वेळी आम्ही खुर्च्या बदलल्या होत्या. मी पुढे हॉइटच्या शेजारी बसले आणि आर्डिथ माझ्या जागी, त्याच्या पाठीमागे. तिने पर्समधून एक जाड रुमाल काढला, गुंडाळला आणि दातांत धरला. माझ्याकडे बघून मान डोलावली. तयार.

हॉइटने पहिल्यांदा विचारलं ते मॅचबद्दल नव्हतंच. "पलीकडच्या रांगेतली ती टोपीवाली बाई आलीय का?"

आर्डिथने त्याच्या पूर्ण पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, एक भलंमोठं वर्तुळ काढलं.

"एवढी मोठी?" हॉइट म्हणाला. "मागच्यांना काय दिसणार?"

किक झाली आणि तो बोलायला लागला. आधी हळू, मग आमच्या रांगेला ऐकू जाईल असा, मग पुढच्या रांगेलाही. "डावीकडून चाललाय. तिघं मागे. पाडला. कोलियरचे दोघं भांडताहेत आपापसात." हे भांडण तिने बोटांनी कसं सांगितलं, देव जाणे. लोक मैदानाकडे बघत होते आणि कान हॉइटकडे देत होते. एक लहान मुलगी तर मैदानाकडे पाठ करून फक्त त्याच्याकडे बघत बसली.

मग तो डाव आला. आमच्या क्वार्टरबॅकने चेंडू हातात घेतला आणि मागे सरकला. कोलियरची पोरं त्याच्यावर धावली. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. आर्डिथची नव्हती. इतकी वर्षं मोजे आणि टोप्या बघून तिला चेंडू सोडून बाकी सगळीकडे बघायची सवय. तिचं एकच बोट हॉइटच्या उजव्या खांद्यावर, बाकी सगळ्यांपासून लांब, टकटक करायला लागलं.

"उजवीकडे कुणीतरी एकटाच आहे," हॉइट म्हणाला. "पार एकटा. त्याला कुणी बघत नाहीये."

मी उजवीकडे पाहिलं. आमचा एक सडपातळ पोरगा मोकळ्या गवतावर पळत होता आणि दहा पावलांच्या आत पिवळा-काळा शर्ट नव्हता. चेंडू त्यानंतर सुटला. लांब, उंच, आणि थेट त्याच्या हातात. आर्डिथचं बोट कमरेपासून निघालं ते कुठेही न थांबता मानेवरून, केसांतून, हॉइटच्या टोपीपर्यंत गेलं.

स्टेडियम फुटलं. हॉइट उभा राहून नाचत होता. आर्डिथच्या दातांत रुमाल, डोळ्यांतून पाणी, आणि दोन्ही मुठी नवऱ्याच्या पाठीवर ढोल बडवल्यासारख्या. त्याला ठसका लागला. "किक नाही, किक नाही," तो खोकत म्हणत होता, "टचडाउन आहे, मला कळलं, आता थांब." तिच्या तोंडातून शब्द सोडा, श्वासही ऐकू आला नाही.

ती मॅच आम्ही तीन गुणांनी जिंकलो. बाहेर गवतावर कोलियरचा तो धिप्पाड माणूस हॉइटला शोधत आला, रडला नाही, पण हात मिळवून आकडा सांगून गेला.

सप्टेंबर अर्धा सरला आणि आर्डिथला बोलायची परवानगी मिळाली. आवाज परत आला, पण जाडाभरडा. फोन उचलला की लोक तिलाच हॉइट समजतात आणि ती खुशाल हॉइट म्हणून बोलते. पुढच्या घरच्या मॅचला ती जुन्या जागी, त्याच्या शेजारी बसून तोंडाने सांगायला लागली, तर आमची रांग नाराज. त्यांना हॉइटची कॉमेंटरी हवी होती. आता आर्डिथ पुन्हा माझ्या खुर्चीत, मागे बसते. बोटाने सांगते, तो मोठ्याने सांगतो, आणि त्याने चूक केली की ती त्या घोगऱ्या आवाजात सगळ्यांदेखत दुरुस्त करते.

"पाडला," हॉइट म्हणतो.

"पाडला नाही, घसरला," मागून येतं. "बूट बघ त्याचे."

"मी कसे बघू?"

"मग मी सांगते तेवढं ऐक ना."