भाऊजींना न कळलेला सिनेमा

आमच्या दुकानात सोफे दुरुस्त होतात आणि सिनेमे मोडीत निघतात. पहिलं काम आम्ही तिघं मिळून करतो. माझे यजमान जुनं कापड उसवतात, मी मशीनवर नवीन खोळी शिवते आणि माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, आतलं सगळं, काथ्या आणि स्प्रिंगा, बघतात. दुसरं काम मात्र भाऊजी एकटेच करतात आणि त्यात कुणाला हात लावू देत नाहीत.

दर शुक्रवारी सकाळचा खेळ बघायचा आणि शनिवारी दुकानात बसून निकाल द्यायचा, हा त्यांचा नेम. तोंडात खिळे धरून, हातोडीच्या ठोक्यागणिक एकेक वाक्य. मागे एक भुताचा सिनेमा आला होता. "भूत झकास होतं. माणसांनी घोळ घातला." प्रेमाचा आला, त्यावर म्हणाले, "भांडतात तेव्हा नवरा-बायको वाटतात, प्रेमात येतात तेव्हा नातेवाईक वाटतात." युद्धाचा बघून आले तर थेट पाठच टेकली. "तीन तास तो पळत होता आणि दमलो मी."

माझं त्यांच्याशी कधी पटत नाही. कुत्र्याच्या सिनेमात मी ढसाढसा रडले होते. भाऊजी म्हणाले, "कुत्रा सोडून सगळ्यांनी अभिनय केला, म्हणून कुत्रा आवडला." मी म्हटलं, भाऊजी, तुमच्या छातीत फोम भरलाय. त्यावर ते खूश झाले. लोक मात्र त्यांच्या शब्दावर जातात. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई तर शनिवारी आधी आमची पायरी चढतात, मग स्वतःचं शटर उघडतात. "पाहू का?" एवढंच विचारतात. ज्यावर भाऊजींना निकाल देता आला नाही, असा सिनेमा आजवर निघाला नव्हता.

तर अशा माणसाच्या मुलीनं सिनेमात काम केलं. पडद्यावर दिसण्याचं नव्हे, सोफे करण्याचं.

ही आमची चिमणी. आई लवकर गेली, म्हणून ती दुकानातच काथ्याच्या ढिगावर वाढली. पण भाऊजींनी तिला हातोडी कधी धरू दिली नाही. स्वतःची कंबर गेलेली, बोटं वाकडी झालेली. "हे माझ्यापाशी संपू दे," म्हणायचे. तिला शिकवलं, ऑफिसात चिकटवलं. ती दिवसभर ऑफिसात बसायची आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमाचे सेट उभारणाऱ्या एका कारखान्यात जायची. मला माहीत होतं, यजमानांना माहीत होतं, भाऊजींना नव्हतं. सिनेमा लागायच्या आठवड्यात तिनं सांगून टाकलं. भाऊजींनी टाका ओढला आणि दोरा तोडला.

चिमणी माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काकू, ते लोक कायमचं बोलावतायत. सोमवारपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"मग सांग की."

"बाबांनी काम बघू दे आधी. त्यांना कच्चं वाटलं तर ऑफिसच बरं. ते माझ्यासाठी खोटं बोलणार नाहीत."

तेच तर भय होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला म्हटलं, या माणसाला एकदा थोडं खोटं बोलू दे.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून आम्ही चौघं निघालो. मी ठेवणीतली साडी नेसले, यजमानांनी दाढी केली, चिमणीनं ऑफिसात रजा टाकली. भीती होतीच, पण मला मजाही वाटत होती. आमच्या घरातलं कुणी केलेली वस्तू एवढ्या मोठ्या पडद्यावर येणार, हे मी रिक्षावाल्यालासुद्धा सांगितलं. त्याला कौतुक वाटलं, असं मला तरी वाटलं.

सिनेमा खुनाचा होता. मोठं घर, मधोमध हिरव्या मखमलीचा लांबलचक सोफा आणि त्यावर आळीपाळीनं बसून खोटं बोलणारी माणसं. मला आवडला. नायिकेनं पहिल्याच प्रसंगात दिवाणजीकडे असं काही बघितलं की मी यजमानांना म्हटलं, हिला सगळं ठाऊक आहे. यजमान म्हणाले, गप्प बस, कळू दे.

भाऊजी मात्र खुर्चीच्या टोकाला आले होते. नायिका सोफ्यावर बसली की मान वाकडी करायचे. एकदा पुटपुटले, "जरा सरक की बाई, शिवण दिसू दे." इन्स्पेक्टर सोफ्याच्या हातावर कोपर टेकून बसला तेव्हा म्हणाले, "दबला नाही." पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून बघितलं. चिमणी माझा हात घट्ट धरून बसली होती.

मध्यंतरात मी विचारलं, "भाऊजी, खुनी कोण वाटतो?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलत्याच गावाचा पत्ता विचारला.

मग तो प्रसंग आला. दिवाणजीला कळतं की दागिने सोफ्यात लपवलेत. तो चाकू काढतो आणि मखमल या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडतो. भाऊजी "अरे" म्हणून उठून उभेच राहिले. मागून लोक ओरडले, बसा काका. यजमानांनी सदरा धरून खाली ओढलं. पडद्यावर कापड दोन्ही बाजूंना पडलं आणि आतलं सगळं उघडं झालं. मी फोमचे तुकडे दिसतील असं धरून चालले होते, सेटवर तसंच चालतं म्हणतात. पण आत काथ्या होता, थरावर थर, आणि त्याखाली स्प्रिंगा, एकेक दोरीनं आडव्याउभ्या बांधलेल्या. ती गाठ मी ओळखली. तशी गाठ फक्त आमच्या दुकानात मारतात. भाऊजींनी ती चिमणीला कधी शिकवली नव्हती, पोरीनं लहानपणी काथ्यावर बसून नुसत्या डोळ्यांनी उचलली होती. मला भरून आलं. शेजारी बघायची हिंमत मात्र झाली नाही.

बाहेर आलो. ऊन होतं, गर्दी ढकलत होती. भाऊजी एका खांबापाशी थांबले. चिमणी समोर उभी. मी आणि यजमान दोन पावलं मागे, आणि कान पुढे.

"एकच सोफा होता?" भाऊजींनी विचारलं.

"तीन. कापायचा प्रसंग पहिल्याच खेपेला जमेल असं नव्हतं."

"तिन्ही आतून बांधलेस?"

"हो."

"दिसणार एकच होता ना?"

"कुठला दिसेल ते माहीत नव्हतं, बाबा."

भाऊजींनी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे मला त्यांच्या इतक्या वर्षांच्या सहवासातसुद्धा सांगता आलं नसतं. "चला, भूक लागली," म्हणाले आणि पुढे झाले. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. रोज जगाला मतं वाटता, आणि आज पोरीसाठी एक शब्द निघेना? घरी आल्यावर मी भांडी जरा जास्तच आपटली.

शनिवारी चिमणी ऑफिसला सुट्टी म्हणून दुकानात आली होती, मला खोळ उलटवायला मदत करत होती. चेहरा उतरलेला. औषधवाल्या बाई पायरी चढल्या. "काय मग, लेकीचा सिनेमा. पाहू का?"

भाऊजींनी तोंडातले खिळे काढून हातावर घेतले. "सिनेमा मला कळला नाही," म्हणाले.

बाई हसल्या. त्यांना वाटलं थट्टा आहे. "तुम्हाला कळला नाही?"

"नाही. मी सोफा बघत होतो. खून कुणी केला, का केला, ते हिला विचारा." हिला म्हणजे मला. "सोफा मुलीनं केलाय. माझ्याच्यानं झाला नसता तसा."

बाई गेल्या. मी मशीन चालवतच राहिले, कारण थांबवलं असतं तर रडले असते. चिमणीनं हातातली खोळ खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, मग त्यांना हो कळवू?"

भाऊजी पुन्हा सोफ्यावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे, अजून कळवलं नाहीस?"