तात्यांच्या पेटीचा वारा

रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवणाऱ्याकडे दोन गोष्टी साचत जातात. वापरून झालेल्या टेपा आणि किस्से. टेपा निदान पुसून परत वापरता येतात, किस्स्यांचं तसं नाही. एक सांगायला घेतला की त्याला चिकटून दुसरा येतो. आमच्या वाशीच्या स्टुडिओचं म्हणाल, तर निम्मे किस्से एकट्या तात्यांचे आहेत.

स्टुडिओ कसला, सोसायटीच्या तळमजल्यावरचा गाळा होता तो. आतून भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि शेजारी पिठाची गिरणी! गिरणी दुपारी बंद असायची, तेवढ्यात रेकॉर्डिंग उरकायचं. नव्वदच्या दशकात आम्ही असेच दिवस काढले.

तात्या म्हणजे पेटीवाले तात्या, मूळचे साताऱ्याकडचे. जन्मभर मोठमोठ्या गवयांना साथ केली आणि उतारवयात नेरूळला सिडकोचा फ्लॅट घेऊन माईंसोबत, म्हणजे बायकोसोबत, राहायला आले. तिथे त्यांच्या मनाने घेतलं की आता एक कॅसेट आपली काढायची. नुसती पेटी, रचनाही सगळ्या स्वतःच्या, पुढे गवई नाही. अडचण होती ती मानेच्या मणक्याची. तो झिजला होता आणि तिथून निघालेली कळ खांद्यातून डाव्या हातात उतरायची. हे बरं होणार नाही, सांभाळून राहायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे हात चालतोय तोवर कॅसेट पुरी करायची, एवढाच प्रश्न होता.

*

तात्या दुखणं पेटीच्या पट्ट्यांत मोजायचे. गवई कुठल्या पट्टीत गातो ते आमच्याकडे पांढरी एक, काळी एक असं सांगतात. पांढरी एक म्हणजे खालचा सूर, मग जसजसं वर जाल तसतसं चढत जातं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी आमचा तबलजी शिवा त्यांना फोन करायचा. शिवाही सातारचाच. सकाळी मार्केटला माथाडी आणि दुपारी तबल्यावर. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारायचा, "तात्या, आज कुठं हाय?"

"काळी एक."

म्हणजे रेकॉर्डिंग होणार. काळी दोनपर्यंत ते वाजवायचे. त्यापुढे गेलं की शिवा मला येऊन सांगायचा, "आज कॅन्सल, तात्या लई वरच्या पट्टीत हायेत."

एकदा फोन माईंनी उचलला. शिवाने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आज त्यांची पेटीच संपलीये रे बाबा, पुढं सूर नाहीत."

*

तात्यांकडे शिकायला एक कुलकर्णी यायचे. बँकेत नोकरी, वय पंचेचाळीस, पण श्रद्धा अशी की तात्या शिंकले तरी हे ती शिंक कुठल्या मात्रेवर आली ते बघणार. पनवेलला एका स्पर्धेत त्यांनी पेटी वाजवली. द्रुत लय सुरू झाल्यावर मान उजवीकडे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि एक खांदा वर उचलला. परीक्षक खूश. म्हणाले, गुरूची ढब अगदी जशीच्या तशी उचलली आहे.

बक्षीस घेऊन कुलकर्णी थेट नेरूळला आले आणि तात्यांच्या पाया पडले. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कुलकर्णी," ते म्हणाले, "ती ढब नाही. माझा मणका आहे तो."

कुलकर्णींची ती मान मात्र शेवटपर्यंत सरळ झाली नाही. सवयच लागली होती.

*

कॅसेट कंपनीचे शेठ एकदा स्टुडिओत आले. तात्या गळ्यात डॉक्टरांनी मानेसाठी दिलेला जाड पांढरा पट्टा घालून पेटीसमोर बसलेले. शेठनी दोन रचना डोळे मिटून ऐकल्या आणि म्हणाले, "तात्या, एकदम फर्स्ट क्लास. पण नुसती पेटी कोण घेणार? सध्या हेल्थवाल्या कॅसेटला मार्केट आहे. कव्हरवर टाकू, ही ऐकल्याने टेन्शन जातं, झोप लागते, अंगदुखी थांबते."

तात्यांनी पट्ट्यासकट अख्खं अंग त्यांच्याकडे वळवलं. मान तेवढी वळवता यायची नाही त्यांना.

"ऐकणाऱ्याची थांबेल म्हणता," ते म्हणाले. "वाजवणाऱ्याची राहिली तर चालेल ना?"

शेठनी परत तो विषय काढला नाही.

*

कॅसेटची एक बाजू पुरी झाली आणि तात्यांच्या डाव्या हाताने संप केला. चहाचा कप उचलायचा तर उजव्या हाताने उचलायचे. डॉक्टर म्हणाले, "डावा हात पूर्ण बंद. बोटांचं काम उजव्या हाताने करा, त्याला हरकत नाही."

तात्या म्हणाले, "आणि वारा? तुम्ही घालायला येताय?"

पेटीचं तसं आहे. सूर उजव्या हाताच्या बोटांनी निघतो, पण त्याला वारा लागतो आणि तो डाव्या हाताने मागचा भाता हलवून द्यायचा असतो. वारा कमी पडला की सूर मरतो, जास्त झाला की ओरडतो. कुठे हळुवार व्हायचं, कुठे भरून यायचं, ते सगळं त्या भात्यात असतं.

तेव्हा आम्ही ठरवलं की तात्यांनी फक्त बोटं चालवायची आणि भाता समोर बसून दुसऱ्याने मारायचा. आधी शिवा बसला. हात माथाडीचा आणि डोक्यात तबला, त्यामुळे दर समेला पेटी दचकून ओरडायची. "शिवा," तात्या म्हणाले, "पोती उतरवायची नाहीत आपल्याला."

मग गाळ्याचे मालक पाटील पुढे झाले, वाशीगावातले. "तात्या, तुमी बोटं चालवा. वाऱ्याचं काम माजं हाय. उलट्या पान्यात होरी वल्हवलीय मी." आणि पाटलांनी खरोखरच वल्हवायला घेतलं. सूर लाटेसारखा वर जायचा आणि खाली बसायचा. तात्यांनी थोडा वेळ सहन केलं, मग बोटं उचलली. "पाटील, थांबा आता. उरण आलं असेल."

शेवटी मी बसलो. मला सूर कळतो, पण मी आधी ऐकायचो आणि मग भाता दाबायचो, म्हणजे दरवेळी उशीर. एक ओळ धड होईना. संध्याकाळची गिरणी सुरू झाली आणि आमचा दिवस फुकट गेला.

पेटी बंद करताना तात्या म्हणाले, "जाऊ दे. जन्मभर साथ केली, आता शेवटाला नवरा मुलगा व्हायची हौस कशाला?" त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

*

माई तात्यांचा डबा घेऊन यायच्या आणि कोपऱ्यात बसून मेथी निवडायच्या. गाणंबिणं त्या कधी शिकल्या नव्हत्या. दुसऱ्या आठवड्यात आमची तीच झटापट परत सुरू झाली, तेव्हा त्यांनी मेथी बाजूला ठेवली, हात पुसले आणि मला म्हणाल्या, "सरका जरा."

त्या भात्यापाशी बसल्या. आमची सगळ्यांची नजर तात्यांच्या बोटांवर असायची. माई बोटांकडे बघतच नव्हत्या, त्यांचे डोळे तात्यांच्या मानेवर होते. तात्यांनी सूर लावला आणि त्या सुराला बरोबर जेवढा हवा तेवढा वारा आला. तात्यांनी आवंढा गिळला की भाता मंदावायचा, खांदा सैल पडला की भरून यायचा. मी टेप सुरू करायचंच विसरलो! शिवाने तबल्यावरून खुणा केल्या तेव्हा भानावर आलो.

त्यानंतर रेकॉर्डिंग सुरळीत चाललं असं म्हणता येणार नाही, कारण आता भाता माईंच्या हातात होता. तात्या रंगात येऊन लय वाढवायला लागले की मध्येच सूर विझायचा. आम्ही बघायचो तर माई हात आवरून बसलेल्या.

"अगं, वाजवतोय ना मी?"

"वाजवा की," माई म्हणायच्या. "वारा नाही मिळायचा. आधी गोळी घ्या."

तात्या चिडायचे, गोळी घ्यायचे आणि थोडा वेळ आडवे व्हायचे. पुष्कळदा तर आपल्याला कळ येतेय हे त्यांना माईंनी हात थांबवल्यावर कळायचं. अशी रुसत-फुगत, विश्रांती घेत घेत कॅसेटची दुसरी बाजू पुरी झाली. कव्हरवर तात्यांनी हट्टाने छापून घेतलं: पेटी तात्यांची आणि भाता सौ. माईंचा. शेठ म्हणाले, असं कुणी छापत नाही. तात्या म्हणाले, असं कुणी वाजवतही नाही.

*

कॅसेटचं प्रकाशन वाशीच्या एका हॉलमध्ये झालं. तात्या आणि माई समोरासमोर बसले, मध्ये एक पेटी. माई घाबरल्या होत्या, त्यांनी आयुष्यात स्टेजवर पाऊल ठेवलं नव्हतं. तात्यांना त्या दिवशी काळी दोनच्या जरा वरच होतं, पण त्यांनी चार रचना वाजवल्या. पाचवी सुरू करणार तेवढ्यात माईंनी भाता बंद करून खिट्टी लावली आणि कार्यक्रम संपला. लोक उठून टाळ्या वाजवत होते. शिवा तबल्याआड तोंड लपवून रडत होता आणि मीही काही फार धड नव्हतो.

मुंबईहून एक बुजुर्ग गवई आले होते. तात्यांनी ऐन तारुण्यात त्यांना साथ केलेली. ते काठी टेकत स्टेजवर आले आणि तात्यांना सोडून आधी माईंसमोर उभे राहिले.

आमच्या लोकांत नवा कलाकार भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तालीम कुणाकडे झाली? आणि उत्तर देताना आधी कानाच्या पाळीला हात लावायचा, मगच गुरूचं नाव घ्यायचं. माईंनी जन्मभर मैफलींत खाली श्रोत्यांत बसून हे शेकडो वेळा बघितलेलं. त्यांना स्वतःला हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

बुवांनी हात जोडले. "ताई, इतका समजून वारा देणारं मी पाहिलं नाही. आपली तालीम कुणाकडे झाली?"

माईंनी पदर सावरला. कानाच्या पाळीला हात लावला.

"यांच्या दुखण्याकडे," त्या म्हणाल्या. "अजून चालू आहे."